मिस्त्रीचा उतार

चाळीस वर्षं ज्या माणसानं बावीस मजली इमारतीत, लिफ्ट वरखाली जाते त्या विहिरीत, लिफ्टच्या टपावर मांडी घालून दुपारचा डबा खाल्ला, त्याला एका सायकलीनं घाम फोडला. किती घाम, असं विचारलं तर तो स्वतः बादलीभर म्हणतो. बादलीचं सोडा, आपण तांब्याभर धरू. तांब्याभरही काही कमी नाही, कारण त्या वेळी आभाळातून गारा कोसळत होत्या.

सगळे त्याला मिस्त्री म्हणत. लिफ्ट अडकली की मिस्त्री, दोर घासला की मिस्त्री, आणि घरात बायको रागावली की तीही ‘या मिस्त्री’ म्हणायची. निवृत्त झाल्यावर त्यानं लांब पल्ल्याची भक्कम सायकल घेतली, मागं दोन पिशव्या अडकवल्या आणि एकटाच गावोगाव हिंडायला लागला. दोन वर्षं सुखात गेली. मग गेल्या हिवाळ्यात न्हाणीघरात चक्कर येऊन पडला. डॉक्टरांनी तपासलं आणि विशेष काही नाही म्हणाले. पण बायकोच्या मनात जे बसलं ते बसलंच. यानं सायकल बाहेर काढली की ती दारात. ऊन किती बघा, वारा किती बघा, परवा अमक्याचे मामा कसे पडले ते ऐका. मिस्त्रीही जिभेनं काही कमी नव्हता. शेवटी रोजच्या खणाखणीला दोघंही विटले आणि एका संध्याकाळी करार झाला.

घाटापलीकडं मिस्त्रीची थोरली बहीण राहायची. वाट ब्याण्णव किलोमीटरची. बायको म्हणाली, “एकट्यानं जायचं. दिवे लागायच्या आत वन्संच्या दारात उभं राहायचं. वाटेत कुणाच्या गाडीत पाय ठेवलात तर सायकल माळ्यावर. नाही ठेवलात, तर सायकलीबद्दल जन्मात एक शब्द बोलणार नाही.”

“एकसुद्धा नाही?” मिस्त्रीनं पक्कं करून घेतलं.

“एकसुद्धा नाही.”

ती शब्दाची किती पक्की, ते त्याला तेहतीस वर्षांत कळून चुकलं होतं. एकदा ती म्हणाली होती, तुमच्या थोरल्या काकांशी बोलणार नाही. काका गेले, पण ती बोलली नाही. मिस्त्रीला मात्र त्या संध्याकाळी जोर चढला होता. नुसता जाणार नाही, म्हणाला, दुसऱ्या दिवशी त्याच घाटानं परतही येईन, कुणाला काय वाटेल ते वाटो.

बायको आपल्या भावाच्या टेम्पोतून खालच्या, लांबच्या रस्त्यानं नणंदेकडं जाणार होती. हा मेव्हणा पडदे शिवायचा. सकाळी त्यानं टेम्पोचं मागचं दार उघडून दाखवलं. पडद्यांचे गठ्ठे बाजूला सारून सायकलीपुरती जागा करून ठेवली होती. दाजी, फोन करायला लाजू नका, मखमलीचा गठ्ठा खाली अंथरलाय, सायकलीला गादी आणि तुम्हाला उशी. मिस्त्रीनं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही आणि टांग मारली.

आता या माणसाची एक खोड सांगितली पाहिजे, कारण सगळं रामायण तिच्यामुळं घडलं. मिस्त्री धंद्यात नवा होता तेव्हा त्याच्या वस्तादानं त्याला एकच गोष्ट शिकवली होती आणि ती कानफटात मारून शिकवली होती: यंत्राकडं पाठ करायची, तर आधी यंत्र मारून जायचं. मुख्य खटका खाली, फ्यूज काढून खिशात. तू विहिरीत उतरलेला असताना वर कुणी बटण दाबलं तर तुझी चटणी. मिस्त्रीच्या अंगात हे असं मुरलं की घरातही तो दोन पावलं लांब गेला तर इस्त्रीची पिन काढायचा, मिक्सरची काढायचा, गॅसचा नळ बंद करायचा, वर दूध तापत असलं तरी. एका लग्नाला चार दिवस गेला तेव्हा फ्रिजचीही पिन काढून गेला. परत आल्यावर बायकोनं त्याला फ्रिजसमोर उभं करून दार उघडलं. तो वास, म्हणतात, तिसऱ्या मजल्यावरच्यांनाही आठवतो.

सायकलीला खटका नाही, फ्यूज नाही. मिस्त्रीला चैन पडेना. शोधता शोधता त्याला ब्रेकवरचा छोटा आकडा सापडला. चाक काढायचं असलं की तो आकडा सोडायचा, म्हणजे ब्रेकचे दोन्ही हात फाकतात आणि चाक मोकळं होतं. झालं. तेव्हापासून कुठंही थांबला की पुढचा आकडा टक, मागचा आकडा टक. निघताना परत टक, टक. यंत्र मेलं, मिस्त्री निर्धास्त.

सकाळी आभाळ धुतल्यासारखं होतं. रस्त्याच्या कडेच्या झाडांना कोवळी पालवी, शेतांत पिवळी फुलं, पाठीवर ऊन. पहिले तीस किलोमीटर मिस्त्री शीळ घालत गेला. मग वारा फिरला. वसंतातली हवा म्हणजे सरड्याची जात. एक ढग आला, पाऊस सांडून गेला, परत ऊन. यानं रेनकोट घातला, काढला, घातला, काढला. पाचव्यांदा घालताना त्यानं आभाळाला एक सणसणीत शिवी दिली आणि आभाळानं ती ऐकली, असं तो अजून मानतो.

घाट सुरू झाला तशी भीती आली. आधी छातीची. प्रत्येक वळणावर मिस्त्री आपल्याच काळजाचे ठोके ऐकत होता, जसा कान लावून मोटारीचा आवाज ऐकायचा तसा. हा ठोका बरोबर, हा जरा लांबला, हा कुठं गेला. बायको दारात उभी राहून बोलायची तेव्हा त्याला तिची कटकट वाटायची. इथं दारात कोणी नव्हतं आणि तिचं सगळं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. मग एकटेपणाची भीती आली. तासाभरात एकही गाडी नाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, आणि दरीत धुकं असं भरत होतं की जणू कुणी खालून टाकीचा नळ सोडलाय. पक्षी गप्प झाले. वारा एकदम थांबला. वारा वाहत होता तेव्हा त्याला वैताग आला होता. थांबला तेव्हा मानेवरचे केस उभे राहिले.

माथ्यावर रस्त्याच्या कामाची एक पत्र्याची खोली होती आणि तिच्यापुढं रस्ता अडवायचा, वर उचललेला दांडा. खोलीत एक मुकादम स्टोव्हवर हात शेकत बसला होता. मिस्त्री धापा टाकत आत शिरला, पण शिरायच्या आधी सायकल पत्र्याला टेकवून दोन्ही आकडे सोडले. टक, टक. खरं तर चारच पावलं लांब जायचं होतं.

मुकादमानं चहा दिला आणि बातमीही दिली. दहा मिनिटांत तो दांडा खाली टाकणार होता. पलीकडच्या उतारावर गारा आणि धुकं, दरड सुटायची भीती. त्याचा ट्रक उभा होता, तो खालच्या गावापर्यंत सोडणार होता. सायकल मागं टाका, तुम्ही पुढं बसा.

मिस्त्रीनं ट्रककडं पाहिलं. आतल्या सीटवर एक जुनी घोंगडी होती आणि काचा बंद होत्या. त्या घोंगडीकडं बघून त्याला रडू यायचं बाकी होतं. पण गाडीत पाय ठेवला की संपलं. सायकल माळ्यावर, आणि माळ्याखाली तो, खिडकीशी, गुडघ्यावर पांघरूण घेऊन.

“मी उतरतो,” तो म्हणाला.

मुकादमानं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “काका, घरी भांडण झालंय का?”

“तसंच काहीतरी.”

“मग निघा. भांडणाला दरड तरी काय करणार.”

तेवढ्यात वीज पडली. तो सांगतो त्याप्रमाणे ती त्याच्या दोन पायांच्या मधोमध पडली. समोरच्या टेकडीवर पडली असं धरलं तरी पुरे आहे. पत्रा झणझणला, चहा सांडला आणि डोक्यावर गारा वाजायला लागल्या. गारा बोराएवढ्या होत्या. बहिणीच्या घरी सांगेपर्यंत त्या लिंबाएवढ्या झाल्या, आणि मेव्हण्याच्या तोंडून पुढं ऐकाल तर नारळाच्या खाली ऐकणार नाही. मुकादम दांड्याकडं धावला. मिस्त्री सायकलीकडं धावला. दांडा खाली येता येता तो वाकून पलीकडं गेला आणि उतार लागला.

टक टक राहिलं.

हे त्याला पहिल्या वळणावर कळलं. त्यानं दोन्ही ब्रेक दाबले आणि ते आपले मुठीत आले, मेल्या माशासारखे. सायकल तशीच. पुन्हा दाबले. सायकल उलट वेग घेत होती. वळण अंगावर आलं, तो कसाबसा कलला, मागचं चाक गारांवरून सरकलं, सावरलं, आणि पुढं सरळ उतार. लांब, ओला, पांढरा, आणि शेवटी धुकं.

मिस्त्रीला काय चुकलं ते लख्ख दिसलं. चाळीस वर्षांच्या सवयीनं त्याला फसवलं होतं. लिफ्टचा ब्रेक मुळात लागलेलाच असतो. वीज आली की तो सुटतो, वीज गेली की आपोआप आवळतो. म्हणून लिफ्ट मारून ठेवली की ती जागच्या जागी थांबते. त्या भरवशावर माणूस तिच्याखाली उभा राहतो. सायकलीचं उफराटं. सायकलीचा ब्रेक मुळात सुटलेलाच. हात असेल तोवर ती थांबणार, आणि मारून ठेवलीत की ती पळणार. दोन वर्षं तो थांबल्यावर यंत्र मारतोय असं समजून तिचा दोर कापत होता.

आकडा पुढच्या चाकापाशी, हातभर अंतरावर. वाकून लावायचा म्हणजे एक हात सोडायचा आणि डोकं चाकात घालायचं. त्यानं पाय खाली टेकले. बुटांचे तळवे रस्त्यावर खरडत गेले, वास सुटला, वेग कमी झाला की नाही ते त्या गारांत कळेना. तोंडचं पाणी पळालं होतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याचं डोकं शांतपणे हिशेब करत होतं, जसं विहिरीत करायचं. इतका उतार, इतकं वजन, पुढच्या वळणाला इतका वेग. हिशेबात शेवटी दरी येत होती. कितीदाही मांडलं तरी दरीच.

दुसरं वळण. धुक्यातून एक दगड, एक कठडा, मग कठडा नाही. दरीच्या बाजूनं थंड हवा तोंडावर आली आणि त्या हवेला तळ नव्हता. तो ओरडला. काय ओरडला ते तो सांगत नाही, पण बायकोचं नाव ओरडला असावा, कारण तेहतीस वर्षांत त्यानं तिला नावानं कधी हाक मारली नव्हती आणि हे सांगताना तो अजून लाजतो.

दोर तुटलेली लिफ्ट काय करते? पाचर मारते. लिफ्टच्या बुडाशी लोखंडी पाचरी असतात. वेग हाताबाहेर गेला की त्या दोन्ही बाजूंच्या रुळांना चावतात आणि लिफ्ट हातभर अंतरात जाम होते. माणसं आपटतात, दात पडतात, पण मरत नाहीत. मिस्त्रीनं पाचर शोधली. डोंगराच्या बाजूला, रस्त्याला लागून पाणी वाहून जायला खणलेली चर होती. अरुंद, चाकाच्या दुप्पट, आणि गारांनी व चिखलानं काठोकाठ भरलेली. तिसरं वळण आत, डोंगराकडं होतं. त्यानं डोळे मिटले. मग वाटलं, मिटून कसं चालेल, म्हणून एक उघडला, आणि सायकल चरीत घातली.

चरीनं तिला चावा घेतला. सायकल थांबली. मिस्त्री थांबला नाही. तो हँडलवरून उडाला, चरीतल्या गारांवर पोटावर पडला आणि तसाच घसरत गेला. दहा हात गेला असेल. तो चाळीस म्हणतो.

मग गारा थांबल्या. एकदम, कुणीतरी खटका पाडल्यासारख्या. ऊन पडलं. दरीत एवढं स्वच्छ ऊन पडलं की तळाची नदी, तिच्यावरचा पूल आणि पुलावरची गाय दिसली. मिस्त्री चरीत पालथा पडून ती गाय बघत होता आणि त्याचे दात वाजत होते. त्यानं दोन्ही हातांची बोटं मोजली. जिभेनं दात तपासले. सगळं जागेवर होतं. नव्हतं ते फक्त बळ. सायकलीचं हँडल जरा तिरपं झालं होतं, बाकी तिला काही झालं नव्हतं, आणि याचाच त्याला राग आला.

आकडे लावायला त्याला पाऊण तास लागला. आकडा खाचेत बसेना. पुढचा बसला, मागचा बसला. त्यानं ब्रेक दाबले, सोडले, दाबले. टांग मारायला पाय उचलला आणि पाय खाली आला. पुन्हा उचलला, पुन्हा खाली. पायाला समजावणारं कुणी नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडं बायको. ती केव्हाच पोचली होती.

“कुठं आहात?”

“उतरतोय.”

“आवाज असा का?”

“वारा आहे.”

झाडाचं पानही हलत नव्हतं. मागून मेव्हण्याचा आवाज आला, टेम्पो काढू का म्हणून विचारत होता. मिस्त्रीच्या जिभेवर ‘काढ’ आलं होतं. खरंच आलं होतं, दातांपर्यंत. ते त्यानं गिळलं आणि फोन ठेवला.

उरलेले सतरा किलोमीटर तो सायकल हातात धरून चालला. उतारभर दोन्ही ब्रेक मुठीत आवळून, जणू म्हैस ओढून नेतोय. वाटेत एकदा पाऊस, एकदा ऊन, एकदा दोन्ही. मुकादमाचा ट्रक मागून आला, शेजारी हळू झाला, मुकादमानं दार उघडलं. मिस्त्रीनं मान हलवली. ट्रक गेला. खालच्या गावात दिवे लागायला अजून थोडा अवकाश होता तेव्हा बहिणीची गल्ली आली, आणि लबाड माणूस, गल्लीच्या तोंडाशी एकदाचा खोगिरावर बसला. शंभर पावलं. दोन्ही ब्रेक अर्धे दाबून, पडेल इतक्या सावकाश, पण बसून.

बहीण दारात होती, तिनं दादा म्हणून गळ्यात हात टाकले, लहानपणी टाकायची तसे. थोरली असून ती त्याला दादाच म्हणे. मेव्हण्यानं टाळ्या वाजवल्या आणि मखमल फुकट अंथरली म्हणून कुरकुर केली. मिस्त्रीनं जेवताना गारा सांगितल्या, वीज सांगितली, मुकादम सांगितला. ब्रेकचं सांगितलं नाही. बायको वाढत होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. जेवण झाल्यावर ती बाहेर जाऊन त्याचे बूट घेऊन आली, उलटे करून पाहिले. तळवे असे झिजले होते की आतला मोजा दिसत होता. तिनं बुटांत कागद कोंबले, चुलीजवळ वाळत ठेवले आणि हात पुसले.

मिस्त्री वाट बघत होता. आता बोलेल. झोपताना बोलेल. पण ती शब्दाची पक्की.

सकाळी ऊन होतं. घाटाच्या माथ्यावर मात्र एक ढग बसला होता, कोंबडी अंड्यांवर बसते तसा. सायकल अंगणात उभी होती. बायकोनं बाटलीत पाणी भरून दिलं, पिशवीत पाव आणि उकडलेली अंडी ठेवली, मेव्हण्याचे बूट त्याच्यासमोर आणून ठेवले. ते एक माप मोठे होते म्हणून पुढं कापूसही घातला होता. मेव्हणा तोंड उघडायला लागला तशी तिनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं आणि तो टेम्पोचे टायर तपासायला गेला.

मिस्त्रीनं बूट घातले. नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. त्यानं ब्रेक दाबून पाहिले, वीस वेळा, पंचवीस वेळा. त्याच घाटानं परत येईन, असं तोच म्हणाला होता, छाती पुढं काढून. आता या जगात त्याला एकच माणूस अडवू शकत होतं, आणि त्या माणसाचं तोंड त्यानं स्वतः करार करून बंद केलं होतं. ती दारात उभी होती, रोजच्यासारखी. ऊन किती ते म्हणाली नाही. वारा किती ते म्हणाली नाही. ढगाकडं बघून नुसती उभी.

“काहीतरी बोल,” तो म्हणाला.

तिनं मान हलवली.

“मला भीती वाटते,” मिस्त्री म्हणाला. त्याला वाटलं होतं हे बोलायला फार कठीण जाईल. तसं गेलंच. “काल ब्रेक सोडलेले होते. मीच सोडले होते. मी मेलो असतो.”

ती पायरी उतरून खाली आली. त्याच्या रेनकोटचं वरचं बटण लावलं, खालचं लावलं.

“तुम्ही त्या विहिरीत उतरायचात,” ती म्हणाली, “तेव्हा मी दुपारी जेवताना दाराकडं तोंड करून बसायची. कुणी सांगायला आलं तर लगेच दिसावं म्हणून. तीस वर्षं. तेव्हाही मी काही बोलले नव्हते.”

दाराकडं पाठ करून जेवताना मिस्त्रीनं तिला खरंच कधी पाहिलं नव्हतं, आणि का, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

“खालचा रस्ता अठ्ठावीस किलोमीटर जास्त पडतो,” ती म्हणाली. “हे सायकलीबद्दल बोलणं नव्हे. रस्त्याबद्दल आहे.”

त्यानं मान डोलावली आणि सायकल गल्लीच्या दुसऱ्या तोंडाकडं वळवली. टांग मारायला पाय उचलला. पाय जरा घोटाळला, मग वर गेला. टेम्पो बराच वेळ सुरू झाला नाही, मग सुरू झाला आणि हाकेच्या अंतरावर मागं राहिला. मिस्त्रीनं वळून पाहिलं नाही. पुढं, पुलापाशी, खालच्या रस्त्यालाही एक छोटा उतार होता, आणि तो यायच्या कितीतरी आधीपासून त्याच्या मुठी ब्रेकवर आवळलेल्या होत्या.